गल्लीतला रस्ता नेमका कोणाचा?

पावसाळा जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये एकच ओरड सुरू होते, रस्ता करा. नगरसेवक म्हणतो, बघू. वॉर्ड ऑफिसातला कारकून म्हणतो, हा रस्ता आमच्या यादीतच नाही. ज्याने प्लॉट पाडून विकले, तो तर केव्हाच हात झटकून मोकळा झालेला असतो. गंमत अशी की कारकून बऱ्याचदा खरं बोलत असतो. ज्याला आपण सरकारी रस्ता समजतो, तो कागदावर खासगी असतो.

हे कसं झालं, ते गुंठेवारीत दिसतं. 40 गुंठ्यांचा एक एकर, आणि एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शहराच्या कडेची शेतजमीन एनए न करता तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. व्यवहार बॉण्ड पेपरवर. मधे जी पट्टी मोकळी सोडली, तिलाच रस्ता म्हणायचं. सातबाऱ्यावर नाव मूळ शेतकऱ्याचं, ताबा आपला आणि चिखल सगळ्यांचा. सांगलीपासून औरंगाबादपर्यंत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरपर्यंत, हजारो कुटुंबं अशाच वस्त्यांत राहतात. त्यात आपल्या समाजातले हातावर पोट असणारे लोक मोठ्या संख्येने आहेत. ज्यांना शहरात परवडणारं घर मिळालं नाही, त्यांनी घेतली ही जागा.

सरकारने यावर 2001 मध्ये कायदा केला. त्याचं नाव महाराष्ट्र गुंठेवारी विकास (नियमाधीन करणे, श्रेणीवाढ व नियंत्रण) अधिनियम. 2021 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामंही त्यात आली. नावातला 'श्रेणीवाढ' हा शब्द आपण लक्षात ठेवला पाहिजे. नुसतं शुल्क घेऊन घर नियमित करणं एवढाच या कायद्याचा हेतू नाही. वस्तीचे रस्ते, गटार, पाणी सुधारणं हाही त्याचा भाग आहे. ज्यांनी शुल्क भरलं, त्यांनी विचारलंच पाहिजे की आमच्या ले-आऊटच्या रस्त्याचं काय झालं? आणि ज्यांनी फाईल केलीच नाही, त्यांचं हे विचारणं कमजोर पडतं, हेही मान्य करायला हवं.

दुसरा मार्गही आहे. मुंबईचा 1888 चा महापालिका कायदा आणि इतर शहरांसाठीचा 1949 चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, दोन्हींत खासगी रस्ता सार्वजनिक म्हणून जाहीर करण्याची सोय आहे. एकदा तो सार्वजनिक झाला की दुरुस्ती महापालिकेच्या गळ्यात. पण त्यासाठी गल्लीतल्या मालकांनी एकत्र येऊन लेखी मागणी करावी लागते. आपण निवेदनं देतो ती मात्र बहुधा 'रस्ता करून द्या' एवढीच. 'रस्ता ताब्यात घ्या' असं फार कमी लोक लिहितात.

नगरसेवकाच्या निधीवर भरवसा ठेवण्याचं काय होतं, ते आपण पाहिलं. औरंगाबाद महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. राज्यातल्या इतर महापालिकांतही तेच झालं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. तेवढ्या काळात ज्या गल्लीचा कागद नव्हता, तिला विचारायला कुणी नव्हतं.

फ्लॅटवाल्यांची गोष्ट वेगळी आहे. सोसायटीच्या आवारातला रस्ता सोसायटीचाच, त्यात वाद नाही. आदर्श उपविधीप्रमाणे फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि 0.25 टक्के सिंकिंग फंड दरवर्षी जमवायचा असतो. म्हणजे 10 लाख बांधकाम खर्चाच्या फ्लॅटमागे वर्षाला 7,500 आणि 2,500 रुपये. पण महिन्याचा मेंटेनन्स कमी दिसावा म्हणून हेच पैसे टाळले जातात, आणि दहा वर्षांनी रस्ता उखडला की एकदम मोठी रक्कम मागितली जाते. मग भांडणं सुरू होतात.

आता लोकवर्गणीतून काम करायचं ठरलं, तर दोन-तीन गोष्टी आधी बघाव्यात. पहिलं गटार आणि पाण्याची लाईन, मग रस्ता. उलटं केलं तर चार महिन्यांत तोच रस्ता खोदावा लागतो. दुसरं, जुन्या थरावर नवा थर चढवत जायचं नाही. तसं केलं की रस्ता वर आणि घरं खाली जातात, आणि पावसाचं पाणी उंबरठा ओलांडतं. याचा फटका नेहमी जुन्या, बुटक्या घराला बसतो, आणि ते घर बहुधा गरिबाचं असतं. जुना थर खरवडून काढायचा खर्च वाचवू नये. तिसरं, उतार. 3 मीटर रुंद रस्त्याचा मधला भाग कडेपेक्षा साधारण 3 सेंटिमीटर उंच हवा, तरच पाणी गटाराकडे जातं. सिमेंटचा रस्ता केला तर किमान 7 दिवस, जमलं तर 14 दिवस, त्यावर पाणी मारत राहायचं. दुसऱ्याच दिवशी रिक्षा घातली की पैसा पाण्यात गेला समजा.

राहिला चंद्याचा प्रश्न. मशिदीसाठी, मदरशासाठी आपण चंदा जमवतो आणि जुम्म्याला हिशेब वाचून दाखवतो. तीच शिस्त रस्त्याला लावायला काय हरकत आहे? सर्वांना सारखी रक्कम लावणं सोपं असतं, पण बरोबर असतंच असं नाही. ज्याचा ट्रक रोज आत येतो आणि जी विधवा बाई दोन खोल्यांत शिवणकाम करून राहते, त्यांना एकाच तराजूत तोलता येणार नाही. प्लॉटच्या आकारावर आणि वापरावर वाटा ठरवावा. भाडेकरूकडून मागू नये, घरमालकाकडून घ्यावा. किती ब्रास खडी आली, किती गोण्या सिमेंट लागलं, कुणाला किती दिले, हे गल्लीच्या तोंडावर लिहून लावावं.

आणि वर्गणीतून रस्ता झाला म्हणून महापालिकेला मोकळं सोडू नये. काम पूर्ण झाल्यावर फोटो, पावत्या आणि मालकांच्या सह्या जोडून रस्ता सार्वजनिक जाहीर करण्याचा अर्ज द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी. आज अॅम्ब्युलन्स मेन रोडवरच थांबते, बाळंतीण बाईला खुर्चीत बसवून बाहेर आणावं लागतं, जनाजा गुडघाभर पाण्यातून न्यावा लागतो. घरटी एक सही गोळा करायला एक रविवार पुरतो. तेवढं काम येत्या पावसाच्या आधी प्रत्येक गल्लीला जमण्यासारखं आहे.