नोटांच्या नगरीतील कर्जबाजारी मजुरी

रिझर्व्ह बँकेच्या म्हैसूर येथील छापखान्यात १९९६ पासून नोटा छापल्या जात आहेत. त्याच शहरात उदबत्त्या वळणाऱ्या स्त्रियांना दर हजारी मजुरीत घर भागेना, की सूक्ष्मवित्त कंपनीचे दार ठोठवावे लागते. कारखानदार आपले व्याज लाटलेल्या वरकड मूल्यातून भरतो. मजूर स्त्रीचे व्याज खुद्द मजुरीतूनच जाते. एकाच श्रमाची ही दुहेरी लूट! २०२२ साली रिझर्व्ह बँकेने या व्याजावरील कमाल मर्यादाही उठविली. कर्नाटक सरकारच्या २०२५ च्या अध्यादेशाने वसुलीतील दंडेलीस मनाई केली. मजुरीचा प्रश्न मात्र जागच्या जागीच राहिला. स्वस्त सहकारी कर्जाची मागणी रास्तच आहे. परंतु पुरेशा मजुरीच्या लढ्याशी ती जोडल्याखेरीज हा सावकारी पाश तुटणार नाही.