मारेगावचा इतिहास व वीस हजारांचा प्रश्न

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनास राज्य सरकारकडून मिळणारे अनुदान गेल्या काही वर्षांत 2 कोटी रुपयांवर गेले आहे. त्याबद्दल आम्हांस यत्किंचितही मत्सर वाटत नाही. यवतमाळ येथे 1973 साली व पुन्हा 2019 साली संमेलन भरले तेव्हा या जिल्ह्यातील मंडळींस आनंदच झाला. परंतु मंडप उतरला, पाहुणे परतले, आणि जिल्ह्याच्या पूर्वेकडील मारेगाव तालुक्यातील कोलामांच्या पोडावर जी म्हातारी माणसे आपली गाणी गात होती ती तशीच कोणी न लिहून घेता राहिली. 2 कोटींस 20 हजारांनी भागले म्हणजे 1000 येतात. राज्यातील 36 जिल्ह्यांत ते वाटले तर जिल्ह्यास सत्तावीस-अठ्ठावीस गावे लाभतील. संमेलनाचे पैसे काढून घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. तेवढ्याच रकमेची दुसरी थैली लहान गावांसाठी सरकारने का उघडू नये, एवढेच आम्ही विचारतो.

मारेगाव हे काही इतिहासशून्य गाव नव्हे. पूर्वी हा मुलूख वणी तालुक्यात मोडत असे, आणि 1905 पर्यंत तर सबंध जिल्ह्यासच वणीचे नाव होते. इंग्रजी दप्तरात ते 'वूण' असे लिहीत. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म 1880 साली वणीचाच. 1930 साली पुसदच्या जंगलात गवत कापून त्यांनी कायदेभंग केला, ही गोष्ट पुस्तकांतून वाचावयास मिळते. पण त्या जंगलकायद्याचा जाच ज्यांच्या रोजच्या चुलीस लागत होता त्या कोलाम व गोंड लोकांस त्या वर्षी काय वाटले, हे कोणत्या पुस्तकात आहे? शामादादा कोलाम यांचे नाव या भागात आदराने घेतले जाते, त्यांच्या जयंतीस मिरवणुकाही निघतात. परंतु त्यांच्याविषयी पोडापोडावर जे सांगितले जाते ते गावनिहाय टिपून, ताडून पाहण्यास जो खर्च लागेल तो मिरवणुकीच्या ध्वनिक्षेपकांहून फारसा अधिक नाही.

कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. 2011 च्या खानेसुमारीत ती बोलणारे सारे मिळून सुमारे 1 लाख 28 हजार भरले. तिचे व्याकरण सेतुमाधवराव पगडी यांनी 1950 साली प्रसिद्ध केले, व 1955 साली एमेनो या पंडिताचा ग्रंथ अमेरिकेत छापला गेला. पैनगंगेच्या पलीकडील आदिलाबादच्या राजगोंडांवर हायमेनडॉर्फ यांचा मोठा ग्रंथ 1948 साली निघाला. परक्यांनी हे केले याचा आम्हांस खेद नाही, उलट आभारच मानले पाहिजेत. परंतु दिवाळीत दंडार घेऊन गावोगाव नाचणाऱ्या मंडळींच्या तोंडची गाणी त्यांच्याच मुलांनी, त्यांच्याच भाषेत, देवनागरीत उतरवून घ्यावीत, हे काम परदेशी पंडिताची वाट पाहण्याजोगे खास नाही.

आता आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. आपल्या दुकानांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांच्या रोजकीर्दी व खतावण्या पडून असतील, आणि त्यांतील पुष्कळ दरवर्षी रद्दीच्या तराजूत जातात. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 नंतर वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. तो पैसा कोणाकडे गेला, कोणत्या कुणब्याचे शेत कोणत्या साली गहाण पडले, व्याज काय दराने चढले, हे सारे अशाच वह्यांतून कळावयाचे. पोडावरचे गाणे सावकाराविषयी एक सांगते. सावकाराची वही दुसरे सांगेल. दोन्ही जपून ठेवल्याखेरीज खरे काय ते ठरणार नाही. आम्ही वकिलीच्या धंद्यात वाढलो असल्याने एका बाजूचीच साक्ष ऐकून निकाल देणे आम्हांस रुचत नाही. एखाद्या घराण्यास जुन्या वहीतून आपली अब्रू जाईल असे भय वाटत असेल, तर नाव झाकून नक्कल द्यावी. पण वही रद्दीत घालू नये.

पैसा कसा उभारावा याचा धडा बडोद्यात गिरवून झाला आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 नंतर ग्रंथालयांची जी चळवळ चालविली तिच्यात गावाने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने व तेवढीच सरकारने घालावी, असा नियम होता. गावाचा तिसरा हिस्सा असल्यामुळे ग्रंथालय हे गावास आपले वाटे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 साली राजवाडे-मेहेंदळे यांनी काढले तेही लोकाश्रयावर. आणि आमच्या यवतमाळातील शारदाश्रमात डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्या जमविल्या त्या काही सरकारी कोट्यवधींच्या बळावर नव्हे. केवळ सरकारावर विसंबण्यातला धोका अमेरिकेने नुकताच दाखविला. तेथील राष्ट्रीय मानव्यविद्या निधी 1965 पासून चालत आला; त्याच्या पैशावर राज्याराज्यांतील मंडळे लहान गावांच्या इतिहासकार्यास छोटी अनुदाने देत. एप्रिल 2025 मध्ये या मंडळांची मंजूर अनुदानेदेखील एका पत्रासरशी रद्द झाली.

"असली अनुदाने पुढाऱ्यांच्या चेल्यांच्या घशात जातील व इतिहासाच्या नावावर ऑर्केस्ट्रा होईल," असा आक्षेप निघेल. तो खोटा नाही. आम्ही असले कार्यक्रम पाहिले आहेत व त्यांची पावतीपुस्तकेही पाहिली आहेत. म्हणूनच रक्कम लहान असावी, ती दोन हप्त्यांत मिळावी, आणि पहिल्या हप्त्याचा हिशेब पोडाच्या चावडीवर मोठ्याने वाचून दाखविल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नये. जे लिहिले, ध्वनिमुद्रित केले, त्याची एक प्रत गावात, एक तालुक्यातील अनुदानित वाचनालयात व एक जिल्ह्याच्या ठिकाणी राहावी. गाणाऱ्यास व सांगणाऱ्यास त्याच्या दिवसाची मजुरी द्यावी. कापूस वेचणीच्या दिवसांत म्हाताऱ्यास फुकट बसवून घेणे हे संशोधन नव्हे, वेठ आहे.

कायद्याची अडचण मुळीच नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठी 1996 साली झालेल्या पंचायत विस्तार कायद्याच्या चौथ्या कलमात ग्रामसभेस आपल्या चालीरीती व सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास सक्षम म्हटले आहे, आणि मारेगाव तालुक्यातील गावे त्या क्षेत्रात येतात. 2015 पासून अशा ग्रामपंचायतींस आदिवासी उपयोजनेच्या निधीतील 5 टक्के हिस्सा थेट देण्याचे राज्याचे धोरण आहे. त्यातून रस्ते, पाणी, शाळा ही कामे आधी व्हावीत हे उघड आहे. पण दहा हजार रुपये या कामी काढावेत असा ठराव एखाद्या ग्रामसभेने केला व सरकारी अंमलदाराने तो 'बाब मंजूर यादीत नाही' म्हणून परत केला, तर तो ठराव कलमासह आमच्याकडे पाठवावा. आम्ही तो छापू, आणि उत्तर येईपर्यंत दर आठवड्यास छापीत राहू. येत्या 26 जानेवारीस ग्रामसभा भरेल. तोवर बाजारपेठेतील दहा दुकानदारांनी प्रत्येकी 500 रुपये काढले तर गावाच्या हिश्शाचे निम्मे काम झालेच म्हणावयाचे. आमचे 500 रुपये आम्ही आज बाजूस काढून ठेवले आहेत.