श्रद्धेच्या कसोटीवर नागरिकत्व

आपलाच धर्म खरा आणि इतर सारे भ्रमात, असे मानणारा माणूसही शेजाऱ्याशी सलोख्याने राहू शकतो. शेतात, गिरणीत त्याच्यासोबत राबत असतो. परंतु हीच श्रद्धा राज्यकर्त्यांच्या हाती कायदा बनून आली की कालचा शेजारी आज परका ठरतो. पाकिस्तानातील अहमदिया पंथीयांचा इतिहास याची साक्ष देतो.

१९५३ साली पंजाबात त्यांच्याविरुद्ध दंगली उसळल्या. लाहोरात लष्करी कायदा पुकारावा लागला. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मुनीर व न्या. कयानी यांनी उलेमांना साधा प्रश्न विचारला : मुसलमान कोणास म्हणावे? कोणत्याही दोघांची उत्तरे जुळली नाहीत. ज्या व्याख्येवर धर्मपंडितांतच एकमत नव्हते, ती पुढे शासनाने लादली. १९७४ साली, रोटी-कपडा-मकानचे आश्वासन देऊन सत्तेवर आलेल्या भुट्टो सरकारने घटनादुरुस्तीद्वारे अहमदियांना बिगरमुस्लिम ठरविले. १९८४ साली झियांच्या हुकूमशाहीने वटहुकूम काढला. स्वतःस मुसलमान म्हणविणे, आपल्या प्रार्थनास्थळास मशीद म्हणणे, अजान देणे, हे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचे गुन्हे झाले. १९७९ सालचे नोबेल विजेते अब्दुस सलाम यांच्या थडग्यावरील ‘मुस्लिम’ हा शब्दही पुसण्यात आला. मे २०१० मध्ये लाहोरातील दोन अहमदिया प्रार्थनास्थळांवरील हल्ल्यांत ८० हून अधिक माणसे मारली गेली.

यातून पाकिस्तानच्या कष्टकरी जनतेच्या पदरी काय पडले? जमीनदारी शाबूत राहिली, लष्कराची पकड घट्ट झाली. बहिष्काराचे वर्तुळही अहमदियांपाशी थांबले नाही. पुढे शियांच्या मशिदी आणि इमामबाडे रक्ताने माखले.

मात्र शेजाऱ्याकडे बोट दाखवून भारतातील राज्यकर्त्यांना नामानिराळे राहता येणार नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची सवलत दिली. अहमदियांना मात्र वगळले. पाकिस्तानचा कायदा अहमदियास मुसलमान मानावयास नकार देऊन छळतो. भारताचा कायदा त्याला मुसलमान समजून दार लावून घेतो. दोन्हीकडे पीडित माणूस एकच आणि दोन्हीकडे कसोटीही एकच.

श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे. तिच्यावरून नागरिकाचे हक्क ठरविण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला मिळता कामा नये. हा अधिकार एकदा मान्य केला की उद्या परका कोण ठरेल, हे सत्ताधारीच ठरवितात. आणि भाकरीसाठी एकत्र उभी राहू शकणारी जनता आपसांत विभागली जाते. म्हणूनच धर्मनिरपेक्षतेचा लढा आणि श्रमजीवींचा लढा वेगळे काढता येत नाहीत.