कम्प्रेसर नवा टाकला, तरी गाडी सकाळी एका बाजूला का झुकते?

शिवनेरीत बसल्यावर लालपरीइतके खड्डे जाणवत नाहीत, यामागचं एक मोठं कारण म्हणजे एअर सस्पेन्शन. पोलादी पाट्यांऐवजी गाडीचा भार हवा भरलेल्या रबरी बेलोवर असतो. बसमध्ये ही हवा इंजिनवर चालणारा मोठा कम्प्रेसर पुरवतो. पण हेच काम १२ व्होल्टच्या लहानशा इलेक्ट्रिक कम्प्रेसरवर सोपवलं तर? जवळपास ५० वर्षं जुन्या एका अमेरिकन गाडीचे मालक आजही या प्रश्नाशी झगडत आहेत.

ही गाडी म्हणजे जनरल मोटर्सची 'जीएमसी मोटरहोम'. १९७३ ते १९७८ या मॉडेल वर्षांत अशा सुमारे १३ हजार गाड्या तयार झाल्या. बिल मरेच्या 'स्ट्राइप्स' (१९८१) सिनेमातलं ते लष्करी वाहन पाहिलं असेल, तर ही गाडी तुम्ही पाहिली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स ओल्ड्समोबिल टोरोनॅडो या कारचे, आणि ओढायचं काम पुढच्या चाकांचं. त्यामुळे मागे ना प्रोपेलर शाफ्ट, ना आडवा अॅक्सल. म्हणून घराची जमीन रस्त्याच्या इतकी जवळ आणता आली. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं आणि त्यांच्या आर्म्सच्या मध्ये आडवा बसवलेला बेलो. नंतरच्या गाड्यांत दोन कम्प्रेसर आले, डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक.

गाडी समतल कशाला हवी?

चालताना सेन्सर उंची सांभाळतात. मुक्कामाला थांबल्यावर बटण दाबून एकेक बाजू वर-खाली करता येते. याला केवळ झोपेची सोय समजू नका. अशा गाड्यांत गॅसवर चालणारा अॅब्सॉर्प्शन फ्रिज असतो. त्यात आपल्या घरच्या फ्रिजसारखा कम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण उष्णतेने आणि उताराने फिरतं. गाडी फार तिरकी राहिली की द्रावण अडतं, फ्रिज थंड होत नाही आणि तसाच चालू ठेवला तर कायमचा बिघडू शकतो. म्हणजे सस्पेन्शनची गळती थेट दुधाच्या पिशवीपर्यंत पोहोचते!

मारेकरी वेगळाच

माझं मत स्पष्ट आहे : कम्प्रेसर मागवण्याआधी साबणाचं पाणी करा. असे कम्प्रेसर बहुतेक वेळा आपल्या मरणाने मरत नाहीत, गळती त्यांना मारते.

टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप अनेकांच्या डिकीत असतो. चार टायर भरेपर्यंत तो हाताला चटका देतो. त्याच्या पुस्तिकेत 'इतकी मिनिटं चालवा, मग थांबवा' असं लिहिलेलं असतं. यालाच ड्युटी सायकल म्हणतात. २० टक्के ड्युटी सायकल म्हणजे १० मिनिटं काम केलं तर ४० मिनिटं विश्रांती. कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. या गाडीच्या बेलोत दाब १०० पीएसआयच्या आसपास जातो. जोडणीतून हवा झिरपत असेल, तर सेन्सर पुन्हा पुन्हा कम्प्रेसर सुरू करतो. आधी मोटर तापते, मग पिस्टनची रिंग झिजते आणि एक दिवस सगळं शांत. मालक नवा कम्प्रेसर बसवतो आणि गळती त्याचीही वाट पाहत बसलेली असते.

गळती शोधायची पद्धत अगदी साधी. मडगार्डवर खडूने खूण करा, उंची मोजा, रात्रभर गाडी उभी ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. मात्र थंडीत थोडी सूट द्या. रात्रीत तापमान ३० वरून १० अंशांवर आलं, तर गळती नसतानाही बेलोतल्या हवेचं आकारमान सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतं. त्याने दोन्ही बाजू थोड्या खाली येतात. एकच बाजू बसली असेल, तर साबणाचं पाणी घेऊन त्या बाजूच्या प्रत्येक जोडावर बुडबुडे शोधा.

दुसरा संशयित म्हणजे वायर. मोटर १५ अँपिअर घेत असेल आणि जुन्या वायरिंगमध्ये फक्त ०.१ ओहम रोध वाढला असेल, तर वाटेतच दीड व्होल्ट हरवतो. मोटर रडत चालते आणि दोष मिळतो कम्प्रेसरला. नवा बसवताना जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हवाच. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर मोटर थांबल्यावर हवा उलटी निसटते. ड्रायर नसेल, तर हवेतलं पाणी नळीत साचतं आणि कडक थंडीत गोठतं.

'ओरिजिनल'चा हट्ट कशासाठी?

हौशी मंडळींत एक गट म्हणतो, सुटा भागसुद्धा त्या काळातलाच हवा. मला हे पटत नाही. कम्प्रेसर ही झिजणारी वस्तू आहे, टायर आणि बॅटरीसारखी. आपल्याकडच्या २०२१ च्या व्हिंटेज वाहन नियमांतही, ५० वर्षांहून जुन्या गाडीच्या मूळ रूपाचा विचार करताना चासी, बॉडी आणि इंजिनमधल्या मोठ्या बदलांवर बोट ठेवलं आहे.

सोय म्हणून काही जण दोन कम्प्रेसर काढून एक मोठा कम्प्रेसर आणि टाकी बसवतात. ती चूक नाही, काम झटपट होतं. पण मी दोनच ठेवले असते. एक बंद पडला, तरी दुसरी बाजू उभी राहते.

एवढ्या जुन्या गाडीत बाजारातला कोणताही योग्य क्षमतेचा कम्प्रेसर चालतो, कारण त्याला फक्त १२ व्होल्ट आणि एक नळी लागते. आजच्या अनेक महागड्या गाड्यांत एअर सस्पेन्शनचा भाग बदलला की कंपनीचं डायग्नोस्टिक यंत्र जोडावं लागतं. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण पोर्टलवर मॅन्युअल वाचायला मिळालं आणि सॉफ्टवेअरला कुलूपच राहिलं, तर गल्लीतल्या मेकॅनिकच्या हाती काय लागणार? आज शोरूममधून निघालेली अशी गाडी २०७५ मध्ये कोण दुरुस्त करेल, हे कंपन्यांना आत्ताच विचारायला हवं.

आणि तुमच्या ओळखीतल्या कोणी परदेशात अशी गाडी घेतली असेल, तर त्यांना एवढं आवर्जून सांगा : बेलो हा जॅक नाही. नळी सुटली तर काही क्षणांत गाडी खाली बसते. चासीखाली पक्के स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नका, दोन मिनिटांचं काम असलं तरीही.