आजारी कोण आहे?

बालमित्रांनो,

गणपती गावाला गेले आणि पाठोपाठ एक पत्र आलं. वहीची दोन पानं, पाठपोट लिहिलेली. लिहिणारी सातवीतली एक मैत्रीण आहे. 'माझं नाव-गाव मुळीच छापू नका' असं तिनं वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. का, ते लगेच कळेल.

हिच्या सोसायटीच्या आवारात गणपती बसतो. चौथ्या दिवशी रात्री साडेअकरा वाजले तरी गाणी चालूच होती, तीही खिडक्यांच्या काचा थरथरतील अशी. हिच्या आजोबांनी, अण्णांनी, ११२ ला फोन लावला. पोलीस आले, स्पीकर बंद झाला, सगळे झोपले. इथवर ठीक. पण सकाळी दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, की फोन कुणी केला! दुपारी काही मोठी मुलं खिडकीखाली उभी राहून अण्णांच्या नावानं नको ते ओरडून गेली. आणि सहाव्या दिवशीच्या कार्यक्रमात हिचा जो समूहनाच होता, त्यातून हिचं नाव वगळलं. कारण विचारलं तर म्हणे, 'मुली जास्त झाल्या.'

पत्राचा शेवट तिच्याच शब्दांत देतो. 'सगळे मला विचारतात, तुमच्याकडे आजारी कोण आहे? आमच्याकडे कुणीच आजारी नाही. अण्णा तर रोज सकाळी पाच वाजता फिरायला जातात. त्यांना फक्त झोपायचं होतं. मग अण्णांचं चुकलं का?'

नाही गं, चुकलं नाही. पण नुसतं एवढं सांगून तुझं समाधान व्हायचं नाही, आणि तुझ्या सोसायटीतल्या मुलांचं तर नाहीच नाही. तेव्हा जरा नीट पाहू या.

आपल्या देशात आवाजाबद्दलचे नियम आहेत, ते २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकर लावायचा नाही, हा त्यांतला सर्वांत ठळक नियम. दिवसासुद्धा लावायचा तर लेखी परवानगी हवी. पुढे या नियमांत वाद्यंही आली. म्हणजे दहानंतर उघड्यावर ढोल-ताशा नाही, आणि अगदी काटेकोर बोलायचं तर झांजही नाही! रात्रीच्या आरतीला हात मात्र आपलेच असतात, टाळ्या वाजवाव्यात.

'पण आमच्याकडे तर बारापर्यंत चालतं!' असं कुणीतरी म्हणेलच. बरोबर आहे. राज्य सरकारला सणासमारंभांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ रात्री बारापर्यंत वाढवता येते. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात. गणपतीतले काही दिवस त्यांत असतात, सगळे नसतात. चौथा दिवस त्या यादीत नव्हता, असं पत्रात लिहिलंय. अण्णांनी म्हणे फोन करण्याआधी वर्तमानपत्राचं कात्रण काढून पाहिलं होतं. (मला हे अण्णा फार आवडले.) यादीतला दिवस असता, तर साडेअकराला स्पीकर चालू असणं हा गुन्हा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अर्थात तेव्हाही आवाज किती मोठा, याला मर्यादा असतेच.

ती मर्यादा डेसिबलमध्ये मोजतात. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५. आपण दोघं समोरासमोर बसून गप्पा मारतो, तो आवाज साधारण ६० च्या आसपास असतो. आता गंमत पाहा. डेसिबलची शिडी आपल्या फूटपट्टीसारखी नसते. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहा पट होते. ४५ चे ५५ झाले की दहा पट, ६५ झाले की शंभर पट आणि ७५ झाले की हजार पट! आपल्या कानाला ते हजार पट वाटत नाही, कारण कान बिचारा सांभाळून घेतो. काचा मात्र थरथरतात. पण रात्री दहानंतर बंदी मोडली असेल, तर तक्रार करायला असलं काही मोजून दाखवावं लागत नाही. घड्याळ पुरतं.

आता 'आजारी कोण आहे?' या प्रश्नाकडे येतो. माझ्या नजरेतून तो सुटला नाही, याचं कारण मीच तो एकदा विचारलाय.

ही साधारण १९७५ च्या सुमाराची गोष्ट. मी नववीत होतो, आणि आमच्या चाळीतल्या मंडळाचा रेकॉर्ड लावणारा होतो. केवढा मान होता त्याचा! भोंगा गच्चीच्या कठड्याला बांधलेला. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई खाली आल्या आणि म्हणाल्या, 'बाळांनो, जरा कमी कराल का?' मी फार समंजसपणे विचारलं, 'का हो, आजारी कोण आहे?' त्या म्हणाल्या, 'कुणी नाही.' मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कुणी आजारी नाही, मग कमी कशाला करायचं? त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि वर गेल्या. आम्ही पुढची रेकॉर्ड लावली. दुसऱ्या वर्षापासून त्या गणपतीचे दहा दिवस दादरला बहिणीकडे राहायला जाऊ लागल्या. आम्ही म्हणायचो, यांना गणपतीची आवड नाही. आरतीच्या वेळी त्यांचा आवाज सगळ्यांत वर असायचा, हे आमच्यातल्या एकालाही आठवलं नाही.

मी ज्याला समंजसपणा समजत होतो, तो खरं म्हणजे पुरावा मागणं होतं. झोपायचंय? आधी आजार दाखवा. परीक्षा असेल तर वेळापत्रक दाखवा. कायदा असं काही विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ रोजी आवाजाबद्दल एक मोठा निकाल दिला. संकटात सापडलेल्या एका मुलीच्या हाका लाऊडस्पीकरच्या गोंगाटात कुणाला ऐकूच गेल्या नाहीत, अशा एका घटनेचं निमित्त त्या खटल्यामागे होतं. त्या निकालात न्यायालयानं सांगितलं, की तुम्हाला बोलायचा हक्क आहे, तसा दुसऱ्याला न ऐकण्याचाही हक्क आहे. शांतपणे राहणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या हक्कासाठी आजारी पडावं लागत नाही. पाच वाजता फिरायला जाणाऱ्या तब्येतदार आजोबांनाही तो आहे.

आणि धर्म? त्याआधी २००० साली याच न्यायालयानं एका चर्चच्या खटल्यात म्हटलं होतं, की दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करा, असं कुठलाच धर्म सांगत नाही. म्हणजे हे फक्त गणपतीपुरतं नाही. भोंगा कुणाचाही असो, घड्याळ तेच.

पण तुझ्या पत्रातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे अण्णांचं नाव बाहेर कसं आलं? ते यायलाच नको होतं. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१६ साली जो निकाल दिला, त्यात हेही होतं, की तक्रार करणाऱ्याची ओळख उघड होता कामा नये. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयानं तेच पुन्हा बजावलं. न्यायमूर्तींना हे दोन-दोनदा का सांगावं लागलं असेल, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. नाव फुटेल या भीतीनं लोक फोनच करत नाहीत. उशी कानावर घेतात, नाहीतर दादरला बहिणीकडे जातात.

तुझ्या बाबांनी हे पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना शांतपणे, लेखी कळवावं. भांडायला नको. 'नाव गुप्त राहिलं नाही' एवढंच लिहावं आणि पोच घ्यावी.

खिडकीखाली ओरडणाऱ्या मुलांनाही एक गोष्ट ठाऊक असलेली बरी. महाराष्ट्रात १९५१ सालचा पोलीस कायदा आहे. पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. रस्त्यावर ढोल-शिंगं कशी वाजवावीत, मिरवणुकीत कसं वागावं, याचे नियम करायचा अधिकार पोलिसांना या कायद्यानं मिळतो. त्याचंच ११२ वं कलम सांगतं, की शांतता बिघडेल अशा रीतीनं सार्वजनिक ठिकाणी शिवीगाळ, धमकी किंवा अपमानाचे शब्द वापरायचे नाहीत. (फोनचा आकडा ११२ आणि कलमही ११२, हा निव्वळ योगायोग. लक्षात ठेवायला सोपं!) म्हणजे त्या रात्री स्पीकर लावणाऱ्यांनी एक नियम मोडला, आणि दुसऱ्या दिवशी ओरडणाऱ्यांनी वेगळाच मोडला. दुसरा मला जास्त वाईट वाटतो. स्पीकर लावणाऱ्याला निदान कुणाला दुखवायचं नसतं. आणि हो, चिडून अण्णाच खाली आले असते आणि चारचौघांत शिव्या देत सुटले असते, तर तेच कलम त्यांनाही लागू झालं असतं. ते आले नाहीत, त्यांनी फोन केला.

एक मात्र सांगतो. गंमत म्हणून किंवा कुणावर सूड म्हणून ११२ फिरवायचा नाही. खरंच गरज वाटली तर आधी घरातल्या मोठ्यांना सांगायचं.

राहिला तुझा नाच. त्याला कलम नाही. मुलीचं नाव नाचातून गाळणं हा कुठल्याही कायद्यानं गुन्हा ठरत नाही, आणि त्यासाठी पोलीस येणार नाहीत. मी पत्र वाचून झाल्यावर सर्वांत जास्त वेळ याच ओळीवर थांबलो. मला एवढंच सुचतं, की मंडळाची हिशेबाची बैठक अजून व्हायची असेल. वर्गणी अण्णांनीही दिलेली आहे, तेव्हा बैठकीला जायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. त्यांनी जावं. तक्रारीचा विषय काढू नये, पुढच्या वर्षी कार्यक्रम साडेसातला सुरू करा म्हणजे दहाच्या आत आटपेल, असं सुचवावं. लहान मुलं जागून पेंगतात, त्यांचे आईबाप या सूचनेला हात वर करतील, अशी माझी अटकळ आहे. तूही त्यांच्याबरोबर जा. ज्या ताईनं नाच बसवला होता, ती तिथं भेटली तर तिला सरळ विचार, 'पुढच्या वर्षी मी आहे ना?' सगळ्यांसमोर नको, एकटीला गाठून विचार.

ती काय म्हणाली, ते मला कळव. नाव छापणार नाही.

तुमचा,
काका