छाप एकाची, विमान दुसऱ्याचे

आपल्या धंद्यात ही रीत जुनी आहे. भिवंडीत व्यापारी सूत देतो, मागवाला मजुरीवर कापड विणतो आणि ताका बाजारात जातो तो व्यापाऱ्याच्या छापाने. ताक्यात खोट निघाली तर गिऱ्हाईक मागवाल्याचा पत्ता शोधत फिरत नाही. ज्याची छाप आहे आणि ज्याने पैसे घेतले आहेत, त्याच्याच पेढीवर येऊन ते उभे राहते. विमान कंपन्यांच्या कोडशेअर व्यवस्थेतही सवाल हाच आहे. तिथे मात्र गिऱ्हाइकाला सरळ जबाब मिळत नाही.

कोडशेअर म्हणजे काय? विमान एक कंपनी उडवते आणि त्यातल्या जागा दुसरी कंपनी आपला फ्लाइट नंबर लावून विकते. फ्रँकफर्टला जानेवारीत हाइमटेक्स्टिल हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. टॉवेल, चादरी, पडद्याचे कापड निर्यात करणारे आपले अनेक व्यापारी तिथे जातात. लुफ्तान्सा १९९७ साली स्थापनेपासून आणि एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या संघात आहे. शिवाय दोन्ही कंपन्यांत कोडशेअरचा वेगळा करार आहे. त्यामुळे तिकिटावर नंबर एअर इंडियाचा आणि बसायचे लुफ्तान्साच्या विमानात, असे होऊ शकते. याच्या उलटही होऊ शकते.

ही व्यवस्था वाईट आहे, असे आमचे म्हणणे नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला की पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले, तरी प्रवाशाला ठिकाणी पोहोचवणे कंपनीवर येते. बॅगही सहसा थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. दोन-तीन हजार रुपये वाचवण्यासाठी दोन वेगवेगळी तिकिटे काढणाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. त्याचे दुसरे विमान चुकले तर ते तिकीट वाया गेलेच समजा. तेव्हा व्यापाऱ्याने एकच तिकीट घ्यावे, हे आमचे पहिले मत.

हरकत आहे ती जबाबदारीच्या टोलवाटोलवीला. काही वर्षांपूर्वी नमुन्यांची आमची एक बॅग मधल्या विमानतळावर राहून गेली. तिकीट विकणाऱ्या कंपनीने विमान उडवणारीकडे बोट दाखवले आणि तिने पुन्हा पहिलीकडे. बॅग चौथ्या दिवशी हाती आली, तेव्हा प्रदर्शनाचा गाळा आवरायची वेळ झाली होती. कापडाचा सौदा तोंडी वर्णनावर होत नाही. गिऱ्हाइकाने कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय भावाची गोष्ट निघत नाही. मोठ्या निर्यातदाराची दहा माणसे जातात आणि नमुने आधीच पोहोचलेले असतात. छोट्या व्यापाऱ्याचे सारे वर्ष त्या एका बॅगेत असते.

वास्तविक कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारतात २००९ पासून लागू आहे. त्यात करार करणारी कंपनी आणि प्रत्यक्ष नेणारी कंपनी असा फरक मानला आहे. नेणाऱ्या कंपनीने त्या प्रवासात जे केले, ते करार करणाऱ्या कंपनीनेच केले असे धरले जाते. तक्रार दोघींपैकी कोणाकडेही दिली तरी ती चालते. दावाही एकीवर किंवा दोघींवर लावता येतो. बॅग उशिरा मिळाली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोड झाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. दाव्याची मुदत २ वर्षांची आहे. सामानाच्या भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १५१९ एसडीआर झाली आहे. रुपयांत ती दीड लाखाहून जास्त होते. म्हणजे ‘ते आमचे काम नाही’ हे काउंटरवरचे उत्तर कायद्याला धरून नाही. तोंडी भांडण्यात अर्थ नाही. दोन्ही कंपन्यांना एकच अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

तिकीट घेण्याआधी व्यापारी बांधवांनी आपल्या एजंटाला तीन गोष्टी विचाराव्यात. विमान प्रत्यक्ष कोण उडवणार? बॅगेचा नियम कोणाचा, नग मोजणार की किलो? आणि त्याच विमानातली जागा दुसऱ्या कंपनीच्या नंबरवर कितीला आहे? एकाच विमानातल्या तशाच जागेचे दोन भाव असू शकतात आणि बाजारात भाव विचारायला आपण कधी लाजत नाही. तिकीट हाती आल्यावर त्याच्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे पाहावेत. ०९८ असेल तर तिकीट एअर इंडियाने दिलेले, २२० असेल तर लुफ्तान्साने. तारीख बदलणे आणि पैसे परत घेणे याचा हिशेब त्याच कंपनीकडे असतो. चेक-इन मात्र विमान उडवणाऱ्या कंपनीकडे होते. तिचा बुकिंग नंबर बऱ्याचदा वेगळा असतो, तो आधीच मागून ठेवावा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी नोंद करून कागद घ्यावा. आणि निवडक नमुने नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावेत.

कंपन्यांकडून आमची मागणी एवढीच आहे, की तिकीट विकणाऱ्या कंपनीने गिऱ्हाइकाची तक्रार स्वतः घ्यावी आणि भागीदाराशी काय तो हिशेब आपसात मिटवावा. भिवंडीचा साधा व्यापारीदेखील मागवाल्याची खोट गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधत नाही. आधी ताका बदलून देतो आणि मग मजुरीतून कापून घेतो. शेकडो विमाने उडवणाऱ्या कंपन्यांना हे जमू नये, असे काही नाही.