मेगापिक्सेलचें माहात्म्य

आमच्या मध्यमवर्गांत अलीकडे एक नवें दैवत उदयास आलें आहे, व त्याचें नांव मेगापिक्सेल. लग्न, मुंज, परदेशगमन असा कांहीं प्रसंग आला कीं कॅमेरा घेण्याचा बेत ठरतो, आणि दुकानांत पाऊल टाकतांच पहिला व बहुधा शेवटचा प्रश्न निघतो तो हाच, कीं "मेगापिक्सेल किती?" विक्रेता जो आंकडा सांगेल त्यावरून वस्तूची योग्यता ठरते. बहुतेक रक्कम बॉडीवर खर्च होते, आणि भिंग म्हणून पेटींत जें आयतें मिळेल तें मुकाट्यानें पत्करलें जातें. ही रीत सर्वस्वी उलटी आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम आंकड्याचाच हिशेब पाहूं. २४ मेगापिक्सेलचें चित्र म्हणजे रुंदींत ६००० व उंचींत ४००० बिंदु. १२ इंच लांब व ८ इंच रुंद छाप, इंचास ३०० बिंदु या उत्तम मापानें काढावयाची, तर ३६०० गुणिले २४०० बिंदु पुरतात. म्हणजे ९ मेगापिक्सेलहि लागत नाहींत. २४ चे ४८ झाले तरी चित्राची लांबी-रुंदी दुप्पट होत नाहीं. ती सुमारें १.४ पटच वाढते. याहून मोठीं चित्रें ज्यांच्या भिंतींवर टांगलेलीं आहेत अशीं घरें किती, हें ज्याचें त्यानें मोजावें.

आतां भिंगाकडे वळूं. बॉडीबरोबर मिळणारें १८-५५ मिलिमीटरचें नेहमींचें भिंग ५५ वर नेलें म्हणजे त्याचें द्वार फार तर एफ ५.६ पर्यंत उघडतें. ५० मिलिमीटरचें एफ १.८ चें साधें, त्या मानानें स्वस्त भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आंत घेतें. देवघरांतील समईच्या उजेडांत आजीचा चेहरा टिपावयाचा असेल, तर हा फरकच कामास येतो. मेगापिक्सेल तेथें कांहींच उजेड पाडूं शकत नाहींत. हांरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीं आपलें बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या भिंगानेंच केलें, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

यावर कोणी म्हणतील, बॉडीस मग कांहींच महत्त्व नाहीं काय? आहे. उडता पक्षी वा मैदानावरील खेळ टिपणारास चपळ फोकस हवाच. आणि ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा मोठा सेन्सर अंधुक उजेडांत सरस ठरतो, हेंहि आम्हांस मान्य आहे. पण बॉडी निवडणें म्हणजे एका माउंटशीं सोयरीक जोडणें होय. बॉडी कांहीं वर्षांत जुनी होते, भिंग टिकतें. निकॉनचा एफ माउंट १९५९ सालीं निघाला. त्याचीं जुनीं कित्येक भिंगें अॅडॅप्टर लावून आजच्या बॉडीवर चालतात, मग फोकस हातानें करावा लागला तरी बेहत्तर. म्हणून सोयरीक करतांना नवरदेवाचा पोशाख न पाहतां घराणें पाहावें.

उरलेल्या साहित्यांत ट्रायपॉड, जादा बॅटरी व दुसरें कार्ड एवढें पुरे. मात्र कोंकणांत वा मुंबईंत राहणारानें सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा विसरूं नये. पावसाळ्यांत चामडी पिशवींत कोंडलेल्या भिंगावर बुरशी चढते, व तिला मेगापिक्सेलचा मुलाहिजा नसतो.

संसारी माणसाचा पैसा कष्टाचा असतो. तो आधीं भिंगावर, मग ट्रायपॉडवर व शेवटीं बॉडीवर खर्चावा. आंकड्यांची आरती ओवाळून घरांतील माणसांचे चेहरे स्पष्ट उमटत नाहींत.